तिसऱ्या नावापाशी

‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ हे शब्द मी आयुष्यात किती वेळा ऐकले आणि उच्चारले असतील याची गणती नाही. बाप्तिस्मा असो, लग्न असो, दफनविधी असो, ही तीन नावे आल्यावाचून आमचे काही सुरू होत नाही आणि संपतही नाही. मात्र पहिल्या दोन नावांशी आमची जीभ क्षणभर रेंगाळते आणि तिसरे नाव वाक्य पुरे करण्याच्या ओघात निघून जाते, हे मला लहानपणापासून जाणवत आले आहे. पिता म्हटले की प्रत्येकाला आपापल्या घरातले कोणीतरी आठवते. पुत्र म्हटले की गव्हाणी, नासरेथमधले सुताराचे घर, गालील समुद्राचा काठ आणि वधस्तंभ डोळ्यांपुढे उभे राहतात. पवित्र आत्मा म्हटले की फार तर चित्रातले एक पांढरे कबूतर दिसते, आणि चित्रातल्या पक्ष्याशी नाते जडणे कठीण असते.

काही वर्षे मी आमच्या मंडळीत मुलांची शब्बाथशाळा घेत असे. एका रविवारी या तीन नावांविषयी बोलत असताना आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने विचारले, “सर, पवित्र आत्मा म्हणजे कोणाचा आत्मा?” मी म्हणालो, देवाचा. तिने थोडा विचार केला आणि विचारले, “मग देव वारला होता का?” काही महिन्यांपूर्वीच तिचे आजोबा गेले होते, आणि आजोबांचा आत्मा आता देवाकडे गेला असे घरच्यांनी तिला सांगितले होते. आत्मा म्हणजे माणूस गेल्यावर उरतो तो, एवढेच तिला ठाऊक होते. तिच्या प्रश्नावर वर्गातले कोणीही हसले नाही, आणि मलाही त्या दिवशी तिला नीट उत्तर देता आले नाही. ‘कोणाचा आत्मा’ हा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. पुढे वाचन वाढले तेव्हा कळले की हाच प्रश्न विचारत चर्चची कित्येक शतके गेली आहेत आणि त्याच प्रश्नावरून ते दुभंगलेही आहे.

त्या मुलीची अडचण खरे तर आपल्या भाषेची अडचण आहे. मराठीत आत्मा हा शब्द फार जुना, फार वापरलेला आणि अनेक अर्थांनी भारलेला आहे. मृताच्या आत्म्याला शांती लाभो असे आपण म्हणतो, अतृप्त आत्मा भटकतो असेही म्हणतो. उपनिषदांच्या परंपरेत वाढलेल्या मनाला आत्मा म्हणजे माणसाच्या आत असलेले त्याचे खरे स्वरूप, आणि तेच ब्रह्म, असा बोध होतो. ख्रिस्ती शिकवणीतला पवित्र आत्मा या तिन्हींपैकी काहीच नाही. तो मृताचा नाही, माणसाच्या अंतरंगाचे दुसरे नाव नाही आणि निर्मितीचा भागही नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात एकाच वाक्यात हा शब्द दोनदा येतो: तो आत्मा स्वतः आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो की आपण देवाची मुले आहोत. येथे साक्ष देणारे दोघे आहेत. एक आपला, दुसरा देवाचा. देवाचा आत्मा माणसात वस्तीला येतो, पण माणसात विरघळून जात नाही आणि माणसालाही स्वतःत विरघळवून टाकत नाही.

मूळ भाषांकडे गेले की हवा मोकळी होते. हिब्रूतील ‘रूआख’ या एका शब्दात वारा, श्वास आणि आत्मा असे तिन्ही अर्थ सामावतात. पवित्र शास्त्राच्या दुसऱ्याच वचनात, जेव्हा पृथ्वीला आकार नव्हता आणि सर्वत्र अंधार होता, तेव्हा देवाचा आत्मा जलावर ‘तळपत राहिला होता’ असे आपले मराठी भाषांतर म्हणते. तेथले हिब्रू क्रियापद पुढे अनुवादाच्या ग्रंथात घरट्यातील पिलांवर पंख हलवत राहणाऱ्या गरुडासाठी वापरलेले आहे. अंधारावर झडप घालणारी शक्ती असा त्याचा अर्थ नाही. जन्माला यायचे आहे त्याच्यावर पंख धरून थांबणे, असा आहे. यहेज्केलाच्या 37 व्या अध्यायात वाळलेल्या हाडांनी भरलेले खोरे आहे. हाडाला हाड जुळते, त्यांवर मांस आणि कातडी चढते, तरीही ती प्रेतेच असतात. मग चारही दिशांकडून ‘रूआख’ येतो आणि ती उभी राहतात. मराठीत ही कथा सांगताना भाषांतरकाराला कधी वारा, कधी श्वास, कधी आत्मा असे वेगवेगळे शब्द घ्यावे लागतात. हिब्रू ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र एकच शब्द पुन्हा पुन्हा पडत असतो.

हिब्रूत हा शब्द बहुधा स्त्रीलिंगी आहे, ग्रीकमधला ‘न्यूमा’ नपुंसकलिंगी, लॅटिनमधला ‘स्पिरितुस’ पुल्लिंगी आणि मराठीतला आत्माही पुल्लिंगी. व्याकरणातल्या लिंगावरून देवाचे स्वरूप ठरत नाही, हे खरे आहे. तरीही आरंभीच्या सिरियाक भाषिक ख्रिस्ती लोकांनी आपल्या भाषेतील स्त्रीलिंगाचा आधार घेऊन पवित्र आत्म्याला आईची उपमा दिली, आणि चौथ्या शतकातील अफ्राहात हा लेखक देवाला पिता आणि पवित्र आत्म्याला माता म्हणतो, हे वाचले तेव्हा मला परके वाटले नाही. ज्या भाषेत विठ्ठल माउली होतो आणि ना. वा. टिळक अभंगात ख्रिस्तालाही माउली म्हणून हाक मारतात, त्या भाषेच्या माणसाला जलावर पंख धरून थांबलेल्या आत्म्यात आई दिसली तर त्यात नवल नाही.

पवित्र आत्म्याविषयीची सर्वांत मोठी चूक लिंगाची नाही. तो ‘कोण’ आहे हे विसरून तो ‘काय’ आहे असे विचारणे, ही ती चूक आहे. आमच्या प्रार्थनासभांमध्येही पवित्र आत्मा म्हणजे सामर्थ्य, अभिषेक, उतरणारी शक्ती अशी भाषा सर्रास चालते. सामर्थ्याचा उल्लेख शास्त्रात आहेच. परंतु प्रेषितांच्या कृत्यांत शिमोन नावाचा जादूगार हीच शक्ती पैसे देऊन विकत घ्यायला जातो आणि पेत्र त्याला कठोर शब्दांत फटकारतो. जी गोष्ट नुसती शक्ती असते ती साठवता येते, विकता येते, आपल्या कामाला जुंपता येते. पौल इफिसकरांस लिहितो की देवाच्या पवित्र आत्म्याला खिन्न करू नका. वाऱ्याला आपण खिन्न करू शकत नाही, विजेलाही नाही. आपल्या वागण्याने ज्याला दुःख होते तो कोणीतरी असतो.

हा ‘कोणीतरी’ नेमका कोण, याचा निवाडा व्हायला वेळ लागला. निकिया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने 325 मध्ये जो विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचे अधिकृत निवेदन, केला त्यात पुत्राविषयी सविस्तर लिहिले आहे, आणि तिसऱ्या नावाविषयी केवळ ‘आणि पवित्र आत्म्यावर’ एवढेच. तेथेही तिसरे नाव ओघातच येऊन जाते. पुढच्या 50 वर्षांत असे म्हणणारे पुढे आले की आत्मा देवदूतांसारखा एक श्रेष्ठ सेवक आहे, देव नव्हे. त्यांच्या विरोधकांनी त्यांना ‘आत्म्याशी लढणारे’ असे नाव दिले. हा वाद ज्याने सर्वांत जास्त अंगावर घेतला तो आजच्या तुर्कस्तानातील कप्पदुकिया प्रांतातल्या कैसरियाचा बिशप बसिल, आणि मला त्याच्या वादाचे विलक्षण आकर्षण वाटते, कारण तो मोठमोठ्या संज्ञांवरून पेटला नव्हता. तो पेटला होता शब्दयोगी अव्ययांवरून.

बसिल उपासनेत देवाचे गौरव करताना दोन प्रकारे म्हणत असे. कधी ‘पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्यामध्ये पित्याला गौरव’, आणि कधी ‘पुत्रासह, पवित्र आत्म्यासह पित्याला गौरव’. ऐकणाऱ्यांपैकी काहींनी आक्षेप घेतला. ‘मध्ये’ चालेल, पण ‘सह’ म्हटले की आत्मा पित्याच्या शेजारी, त्याच्याच मानाने बसतो, आणि ते त्यांना मान्य नव्हते. याला उत्तर म्हणून बसिलने 375 च्या सुमारास पवित्र आत्म्यावर एक प्रबंध लिहिला. त्याच्या आरंभीच तो म्हणतो की अक्षरे आणि लहान शब्द तपासणे हे क्षुल्लक काम नव्हे. मराठीत ‘आईने’, ‘आईसाठी’, ‘आईबरोबर’ यांत केवढे अंतर असते हे ज्याला ठाऊक आहे त्याला बसिलचे म्हणणे समजावून सांगावे लागत नाही. त्याचा युक्तिवाद साधा आहे. ज्या नावाने आपला बाप्तिस्मा होतो त्या नावावर आपण विश्वास ठेवतो, आणि ज्याच्यावर विश्वास ठेवतो त्याचेच गौरव करतो. बाप्तिस्म्यात तिसरे नाव पहिल्या दोघांच्या पंक्तीला आहे, मग स्तुतीच्या वेळी त्याला पंक्तीतून उठवायचे का? आत्मा आपल्याला पवित्र करतो, देवाचे लेकरू करतो, जिवंत करतो. जे काम केवळ देवच करू शकतो ते करणारा निर्मितीपैकी एक कसा असेल?

एवढे असूनही बसिलने त्या ग्रंथात पवित्र आत्म्याला स्पष्टपणे ‘देव’ असे संबोधले नाही. तो जपून पावले टाकत होता. त्याचा मित्र नाझियांझचा ग्रेगरी याला हे जपणे साधत नसे, आणि 380 मध्ये कॉन्स्टँटिनोपलमधील प्रवचनात त्याने स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तर दिले: आत्मा देव आहे काय? निश्चितच आहे. तेथेच त्याने तिसऱ्या नावाच्या उशिरा उमगण्याचे एक सुंदर कारणही दिले आहे. जुन्या करारात पिता उघडपणे प्रकट झाला आणि पुत्र अंधुकपणे. नव्या करारात पुत्र प्रकट झाला आणि आत्म्याची चाहूल लागली. आता आत्मा आपल्यामध्ये वस्ती करून स्वतःला अधिक स्पष्ट करतो आहे. म्हणजे आधीच्यांना जे अंधुक होते ते दिसण्यासाठी तो आपल्या घरात राहायला यावा लागला. 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने विश्वासांगीकारात तिसरे कलम भरून काढले: जो प्रभू व जीवनदाता, जो पित्यापासून निघतो, पित्यासह व पुत्रासह ज्याची आराधना व गौरव होते, जो संदेष्ट्यांच्या द्वारे बोलला. त्यात बसिलचा ‘सह’ आहे. तो स्वतः मात्र परिषदेपूर्वीच वारला होता. बसिलची आणखी एक गोष्ट मला येथे नोंदवावीशी वाटते. कैसरियात मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्याने धान्याची कोठारे उघडवून भुकेल्यांना जेवू घातले, आणि शहराबाहेर रुग्ण, निराधार आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठे आश्रयस्थान उभारले. पवित्र आत्म्याविषयी इतक्या बारकाईने लिहिणारा माणूस भाकरी वाटणारा होता, हा मला योगायोग वाटत नाही.

‘कोणाचा आत्मा’ या प्रश्नाने पुढे जे केले ते सांगताना मन जड होते. 381 चे शब्द ‘पित्यापासून निघतो’ असे होते. पश्चिमेकडील चर्चने त्यात ‘आणि पुत्रापासून’ ही भर घातली. स्पेनमधील तोलेदोच्या 589 च्या परिषदेशी तिचा संबंध जोडला जातो, आणि रोममध्ये ती 1014 मध्ये स्वीकारली गेली. पूर्वेकडील चर्चला ती आजही मान्य नाही. 1054 मध्ये पूर्व आणि पश्चिम चर्चमध्ये पडलेल्या फुटीमागे सत्तेची आणि संस्कृतीची अनेक कारणे होती, पण भांडणाच्या केंद्रस्थानी हा लॅटिनमधला एक शब्द होता. ऑगस्टिनने तर आत्म्याला पिता आणि पुत्र यांच्यामधले प्रेमाचे बंधन म्हटले होते. ज्याला बंधन म्हटले त्याच्याच नावाने ताटातूट व्हावी, याचे दुःख मला दोन्ही बाजूंचे युक्तिवाद समजल्यानंतरही कमी झालेले नाही.

त्या मुलीला द्यायचे उत्तर मला परिषदांच्या इतिहासात मिळाले नाही. ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायात, एका मराठी शब्दात, माझ्या घरापासून फार दूर नसलेल्या ठिकाणी पडून होते. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांना म्हणतो की मी पित्याला विनंती करीन आणि तो तुम्हांला दुसरा ‘पाराक्लेतोस’ देईल. या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ज्याला शेजारी उभे राहण्यासाठी बोलावले आहे तो. मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी शब्द निवडला ‘कैवारी’. ज्या कोणी हा शब्द प्रथम येथे आणला त्याचे आपण ऋणी आहोत, असे मला वाटते. आत्मा म्हटले की प्रश्न येतो, कोणाचा? कैवारी म्हटले तरी तोच प्रश्न येतो, पण उत्तराची दिशा बदलते. कैवारी नेहमी दुबळ्याचा असतो. ज्याच्या बाजूने कोणी उभे नाही त्याचा असतो.

हा शब्द मला प्रथम समजला तो चर्चमध्ये नव्हे. माझे वडील नगर जिल्ह्यातील एका गावात शाळामास्तर होते. गावातले एक शेतकरी, वयाने वडिलांपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठे, आमच्या धर्माचे नव्हेत आणि आमच्या नात्याचेही नव्हेत, बांधाच्या वादात अडकले होते. तालुक्याच्या गावी तारखा पडत. ते एकदा घरी येऊन वडिलांना म्हणाले, “मास्तर, तुम्ही नुसतं येऊन बसा. बोलायचं काही नाही.” वडील प्रत्येक तारखेला किरकोळ रजा टाकून एसटीने त्यांच्याबरोबर जात. एकदा मीही गेलो होतो. उन्हाचे दिवस होते, कचेरीच्या व्हरांड्यात लांब बाकडे होते, आणि दोघे त्यावर दुपारपर्यंत जवळजवळ न बोलता बसून होते. नाव पुकारले गेले तेव्हा वडील त्यांच्याबरोबर आत गेले, त्यांच्या उजव्या बाजूला उभे राहिले, आणि बाहेर आले. परतताना मी विचारले की तुम्ही तिथे काय करता. ते म्हणाले, “काही नाही. अंगठा देताना त्यांचा हात थरथरतो, तेव्हा जवळ असतो.” वाद पुढे कसाबसा तडजोडीने मिटला. त्यात कोणाचा विजय झाला नाही. मला आठवते ते बाकडे.

योहानाच्या पहिल्या पत्रात येशूलाच कैवारी म्हटले आहे. म्हणून शेवटच्या भोजनाच्या वेळचा ‘दुसरा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जो आजवर तुमच्या शेजारी होता तो जातो आहे, आणि शेजारची ती जागा रिकामी राहणार नाही. याच्या समोरच्या बाजूला पाहिले तर शास्त्रातील ‘सैतान’ या हिब्रू शब्दाचा अर्थ विरोधक, आरोप ठेवणारा असा आहे. एकीकडे दोष दाखवत राहणारा, दुसरीकडे दोष ठाऊक असूनही बाजू न सोडणारा. आपल्या मनात उठणारा कोणता आवाज देवाचा, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. जो आवाज माणसाला चूक दाखवतो आणि उठवतो तो एक, आणि जो चूक दाखवतो आणि तेथेच पाडून ठेवतो तो दुसरा, एवढा फरक मला या दोन शब्दांनी शिकवला. कैवारी सत्याचा आत्मा आहे, असे योहानाच्या शुभवर्तमानाच्या त्याच 14 व्या अध्यायात म्हटले आहे. तो खोटी समजूत घालत नाही.

आणि तो स्वतःविषयी बोलत नाही. येशू म्हणतो की तो आपल्या मनचे सांगणार नाही, तो माझे गौरव करील. तिसऱ्या नावाला चेहरा का नाही, या माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मला यात दिसते. जो शेजारी उभा राहतो त्याचे तोंड आपल्याकडे नसते. आपण जिकडे पाहायला हवे तिकडे तोही पाहत असतो.

पन्नासाव्या दिवसाचा सण, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानानंतर पवित्र आत्मा शिष्यांवर उतरला त्या दिवसाचा सण, आपल्याकडे मे-जूनमध्ये येतो. गोव्यात मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चचे फेस्त याच सुमारास भरते, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी लोक तेथून मिरची, मीठ, सुकी मासळी अशी बेगमी करून नेतात, म्हणून ते ‘पुरुमेंताचे फेस्त’ म्हणून ओळखले जाते. नगरकडे याच दिवसांत शेतकरी आभाळाकडे पाहून ‘वारं फिरलं’ म्हणतात. योएलाच्या ग्रंथातही क्रम असाच आहे. आधी दुष्काळ आणि टोळधाड, मग पावसाचे वचन, आणि मग देव म्हणतो की मी मनुष्यमात्रावर आपल्या आत्म्याचा वर्षाव करीन. तुमचे पुत्र आणि तुमच्या कन्या संदेश देतील, दासांवर आणि दासींवरही वर्षाव होईल. यरुशलेमेत वाऱ्यासारखा नाद झाला, अग्नीच्या जिभांसारखे काही दिसले, आणि पार्थी, मेदी, एलामी, रोमचे, अरबस्तानचे असे सगळे लोक गालिली माणसांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू लागले, तेव्हा पेत्राने याच वचनाचा आधार घेतला.

या वचनातील ‘कन्या’ आणि ‘दासी’ हे शब्द महाराष्ट्रात फार जवळून खरे झाले आहेत. पुणे जिल्ह्यातील केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या आणि टाकून दिलेल्या शेकडो मुली आणि स्त्रिया राहत होत्या. 1905 च्या आरंभी रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसण्यासाठी मुलींना बोलावले. सुमारे 70 जणी आल्या आणि जूनपर्यंत त्यांची संख्या 550 च्या घरात गेली. 29 जूनच्या पहाटे एका मुलीला असा अनुभव आला की तिच्याभोवती आग दिसल्यामुळे तेथील देखरेख करणारी बाई पाण्याची बादली आणायला धावली, आणि ओतणार तोच तिला कळले की मुलगी जळत नाही, असे त्या काळच्या वृत्तांतात सांगितले आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या 8 व्या अध्यायावर बोलत असताना सगळ्या मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि त्यांना बोलणे थांबवावे लागले. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील अझुसा स्ट्रीटची प्रसिद्ध जागृती 1906 ची आहे. मुक्तीची त्याआधीची आहे. रमाबाईंच्या सहकारी मिनी अॅब्रम्स यांनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका चिलीमधील एका मैत्रिणीला पाठवली, आणि 1909 मध्ये तेथे सुरू झालेल्या पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अशा अनुभवावर भर देणाऱ्या, चळवळीची एक वाट अशी केडगावातून निघाली.

मला त्या बादलीचा विसर पडत नाही. पण मी त्याहून अधिक थांबतो ते रमाबाईंच्या पुढच्या वर्षांपाशी. याच रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्रैक्याच्या, म्हणजे या तीन नावांत एकच देव आहे या, शिकवणीवरून तेथील मठातल्या भगिनींशी आणि धर्मगुरूंशी निर्भयपणे वाद घालत होत्या. एका पुरोहितवर्गाचे जू नुकतेच उतरवले आहे, आता दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी 1885 मध्ये लिहिले होते. कोणाच्या सांगण्यावरून तिसरे नाव उच्चारणारी ही बाई नव्हती. आणि जिच्या अंगणात आग उतरल्याचे जग सांगत होते ती स्वतः हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली आणि साध्या बाईला समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरवत राहिली. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले, त्याच्या थोडेच आधी हे काम पुरे झाले होते. ते भाषांतर 1924 मध्ये प्रकाशित झाले. पन्नासाव्या दिवशी घडलेला चमत्कार म्हणजे सगळ्यांना एक भाषा येऊ लागली असा नव्हता. प्रत्येकाची भाषा देवाच्या कामाला पुरेशी ठरली, असा तो होता. म्हणून मला ती पहाट आणि नंतरची ती सगळी कष्टाची वर्षे एकाच आत्म्याचे काम वाटतात, आणि निवड करायची झाली तर मी त्या वर्षांपाशी बसेन. गलतीकरांस पत्रात पौल प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता अशी नऊ नावे घेतो, पण त्यांना ‘फळे’ म्हणत नाही, एकवचनात ‘फळ’ म्हणतो. फळ धरायला ऋतू जावा लागतो.

रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायात मात्र पौलाचा भर आगीवर नाही, फळावरही नाही. तेथे तो कण्हण्याविषयी बोलतो. सगळी सृष्टी कण्हत आहे, आपणही कण्हत आहोत, आणि मग, जे वाचताना मी दर वेळी थांबतो, आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. आपण कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला ठाऊक नसते तेव्हा तो आपल्या अशक्तपणात ‘हातभार लावतो’. मूळ ग्रीक क्रियापदात पलीकडच्या बाजूने येऊन ओझे धरणे असा भाव आहे, आणि हातभार या शब्दात तो पुरता उतरतो. कोणी पाटी डोक्यावर चढवायला समोरून हात लावावा तसा. देव कण्हतो, असे म्हणण्याचे धाडस मला स्वतःहून झाले नसते.

येशूने निकदेमाला सांगितले की वारा पाहिजे तिकडे वाहतो, त्याचा आवाज ऐकू येतो, पण तो कोठून येतो आणि कोठे जातो हे कळत नाही. चर्चच्या भिंतींच्या आतच तो वाहतो असे यात कोठेही म्हटलेले नाही. रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये अधिकृतपणे म्हटले की ख्रिस्ताच्या मरणात आणि पुनरुत्थानात सहभागी होण्याची शक्यता पवित्र आत्मा सर्वांना, देवाला ठाऊक असलेल्या रीतीने, देऊ करतो. मी त्या परंपरेचा नाही, तरी हे वाक्य मी माझे मानतो, आणि त्याचे कारण ग्रंथांत नाही.

वडील गेले त्या रात्री घरात मंडळीचे लोक जमले होते. गीते म्हटली जात होती, पाळक शास्त्रपाठ वाचत होते, आणि मला, जो इतरांना प्रार्थना शिकवत असे, एकही शब्द सुचत नव्हता. मध्यरात्रीनंतर मी बाहेर आलो तर ओट्यावर ते बांधाच्या वादातले शेतकरी बसले होते. खूप थकलेले, काठी बाजूला ठेवलेली, घोंगडी पांघरलेली. ते केव्हा आले कोणाला माहीत नव्हते. मी म्हणालो, आत या, जरा आडवे व्हा. ते म्हणाले, “तुम्ही तुमचं चालू द्या. मी नुसतं बसतो.” मी त्यांच्याशेजारी बसलो. आत गीत संपले, दुसरे सुरू झाले. पहाटे कोणीतरी चहा आणला तेव्हाही आम्ही तेथेच होतो, आणि मला उठायचे होते तेव्हा त्यांनी माझ्या दंडाला धरून मला उठवले.